उलटी होण्याआधीची गोळी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कॅन्सरविषयी बोलायचं म्हटलं की गाठीविषयी, ऑपरेशनविषयी, खर्चाविषयी बोललं जातं. मी आज बोलणार आहे उलटीविषयी. विषय जेवणाच्या वेळेला साजेसा नाही, याची मला कल्पना आहे. पण केमोथेरपी घेऊन आलेल्या कुणालाही विचारा, 'सगळ्यात जास्त कशानं छळलं?' बरेच जण गाठीचं नाव घेणार नाहीत. मळमळीचं घेतील, तोंड आल्याचं घेतील, न येणाऱ्या झोपेचं घेतील.

मूळ आजारावर औषध चालू असताना या बाकीच्या त्रासांवर जे उपचार करायचे, त्यांना इंग्रजीत सपोर्टिव्ह केअर म्हणतात. मी आपलं 'सोबतीचे उपचार' म्हणते. या सोबतीच्या उपचारांकडे आम्ही डॉक्टर मंडळींनीच बरीच वर्षं सोबतीच्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. वरात नवऱ्या मुलाची, मग करवल्याकडे कोण बघतो!

२००१ सालची गोष्ट सांगते. मी नुकतीच शिक्षण संपवून दक्षिण महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी काम करू लागले होते. अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या एक बाई आमच्याकडे आल्या. पन्नाशीच्या आसपास, शेतात राबून काटक झालेलं शरीर, बोलणं मोजकं. मी त्यांना आक्का म्हणायची. ऑपरेशन झालेलं होतं. आता दर तीन आठवड्यांनी एकदा, अशी सहा वेळा केमोथेरपी द्यायची होती. त्यात सिसप्लॅटिन नावाचं औषध होतं. हे औषध गुणकारी खरं, पण प्रतिबंध न करता दिलं तर दहातल्या नऊहून अधिक जणांना उलट्या होतात.

एवढं मला ठाऊक होतं. म्हणून सलाईन सुरू करण्याआधी मी ऑन्डान्सेट्रॉनचं इंजेक्शन दिलं. रात्रभर आक्कांना वॉर्डात ठेवलं. सकाळी राउंडला गेले तर त्या चहा पीत बसल्या होत्या. मी केसपेपरवर लिहिलं, 'उलटी नाही'. घरी जाताना चिठ्ठी दिली, तिच्यावर लिहिलं, 'उलटी झाल्यास एक गोळी'. त्या एसटीनं गावी गेल्या.

तीन आठवड्यांनी परत आल्या. मी विचारलं, 'आक्का, कसं काय?' त्या म्हणाल्या, 'बरं हाय.' पुन्हा तेच इंजेक्शन, तीच रात्र, केसपेपरवर तेच दोन शब्द.

तिसऱ्या वेळी त्या आल्याच नाहीत. काही दिवसांनी त्यांचा मुलगा आला, उरलेली औषधं परत द्यायला. त्याच्याकडून कळलं की गावी गेल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपासून जे सुरू व्हायचं ते चार-चार दिवस थांबायचं नाही. पेज पोटात राहायची नाही. मी दिलेली गोळी उलटी झाल्यावर घ्यायची, आणि ती गोळीही पुढच्या उलटीबरोबर बाहेर. शेजारच्या बायकांनी सांगितलेलं, 'आतलं इख भाईर पडतंय, चांगलंच हाय.' म्हणून आक्का मला काही बोलल्या नव्हत्या. मुलगा म्हणाला, 'आई म्हनती, मरान परवाडलं, पन त्ये सलाईन नगं.'

दीड वर्षानं आक्का पुन्हा आल्या तेव्हा आजार पोटभर पसरला होता.

त्या उलट्यांनी गेल्या, असं मी म्हणणार नाही. सहाच्या सहा वेळा औषध घेऊनही आजार उलटलेले रुग्ण मी पाहिले आहेत. एका माणसाच्या गोष्टीवरून असा निष्कर्ष काढता येत नाही, आणि पुराव्यावर चालायचं म्हटलं तर ही पहिली शिस्त पाळावीच लागते. माझ्या मनाला लागलं ते दुसरंच.

त्यानंतर वर्षभरानं मुंबईला एका ग्रंथालयात जुनी नियतकालिकं चाळताना मला एक लेख सापडला. १९९७ साली इटलीतल्या पेरुजा या गावी निरनिराळ्या देशांतले तज्ज्ञ जमले होते. तोवर झालेल्या सगळ्या चाचण्या समोर ठेवून त्यांनी केमोथेरपीच्या उलट्या कशा रोखायच्या, याची मार्गदर्शक तत्त्वं ठरवली आणि १९९८ साली ती छापून प्रसिद्ध केली. कॅन्सर रुग्णांच्या सोबतीच्या उपचारांवर काम करणारी एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, मॅस्क या संक्षिप्त नावानं ओळखली जाते. १९९० साली स्थापन झालेली. तिनं हे काम केलं होतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की सिसप्लॅटिन दिल्यावर दुसऱ्या दिवसापासूनही उलटीचं औषध नेमानं द्यावं, उलटी होण्याची वाट पाहू नये. आणि त्यासाठी मुख्य औषध कोणतं, तर डेक्सामेथासोन. कुठल्याही तालुक्याच्या मेडिकल दुकानात मिळणारी, काही पैशांची गोळी.

म्हणजे माझ्या आक्का आल्या, त्याच्या तीन वर्षं आधी हे छापून झालं होतं. औषध होतं, पैसे लागत नव्हते, पुरावा होता. तो माझ्यापर्यंत पोहोचला नव्हता, आणि मीही त्याच्यापर्यंत गेले नव्हते.

आता यामागची शरीराची भानगड थोडक्यात सांगते. सिसप्लॅटिन शरीरात गेलं की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात, त्यातून मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला निरोप जातो. हा पहिल्या दिवसाचा मामला, आणि ऑन्डान्सेट्रॉन तो निरोप अडवतं. दुसऱ्या दिवसापासून मात्र निरोप मुख्यतः दुसऱ्याच रसायनामार्फत, वेगळ्या वाटेनं जातो. तिथे ऑन्डान्सेट्रॉनचा फारसा इलाज चालत नाही. डेक्सामेथासोन चालतं. ते नेमकं कसं चालतं याचा पुरता उलगडा अजून झालेला नाही, पण चालतं, हे चाचण्यांनी पुन:पुन्हा दाखवलं आहे. मला हे फार आवडतं. 'का' कळेपर्यंत रुग्णाला थांबवून ठेवायची गरज नाही. 'होतं का' हे नीट मोजलं की पुरतं.

नीट मोजायचं म्हणजे काय? रुग्णांचे दोन गट करायचे, ते डॉक्टरच्या मर्जीनं नव्हे, तर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे. एका गटाला नवं औषध, दुसऱ्याला जुनं किंवा तशाच दिसणारी पोकळ गोळी. शक्यतो कुणाला काय मिळालं हे डॉक्टरलाही माहीत नसावं, रुग्णालाही नसावं. मग उलट्या मोजायच्या. अशा अनेक चाचण्या एकत्र करून, कोणती भक्कम आणि कोणती लेचीपेची हे पारखून जे ठरतं, ते मार्गदर्शक तत्त्व. 'आमच्या अमक्याला गुण आला' यापेक्षा ते वेगळं. आणि आमच्या टेबलावर गुळगुळीत कागदाचं रंगीत पत्रक ठेवून जाणारे कंपन्यांचे एमआर जे सांगतात, त्याहूनही ते वेगळं. एमआर मंडळींवर माझा राग नाही, ते त्यांचं काम करतात. पण डेक्सामेथासोनची भलामण करायला माझ्याकडे आजवर एकही एमआर आलेला नाही. स्वस्त गोळीचं पत्रक कोण छापणार?

डॉक्टरांना हा त्रास दिसत कसा नाही, असं तुम्हाला वाटेल. २००४ साली याच प्रश्नावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या देशांतल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना विचारलं गेलं, तुमच्या किती रुग्णांना मळमळ आणि उलट्या होतील असं वाटतं? आणि रुग्णांना घरी रोजनिशी लिहायला सांगितली. पहिल्या दिवसाचा अंदाज बऱ्यापैकी जुळला. दुसऱ्या दिवसापासून पुढचा त्रास मात्र बहुतेकांनी कमी धरला होता. कारण उघड आहे. पहिल्या दिवशी रुग्ण आमच्यासमोर असतो. पुढची उलटी त्याच्या न्हाणीघरात होते.

त्यानंतर पुष्कळ पाणी पुलाखालून गेलं. २००३ साली अमेरिकेत अॅप्रेपिटंट नावाच्या औषधाला मान्यता मिळाली, दुसऱ्या दिवशीची ती वेगळी वाट अडवणारं. पुढे ते आपल्याकडेही आलं. पण मला सांगायची आहे ती गोष्ट ओलान्झापिनची. हे मुळात मानसिक आजारांवरचं औषध, जुनं आणि स्वस्त. २०१६ साली अमेरिकेत तीनशेऐंशी रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. नेहमीच्या तीन औषधांच्या जोडीला एका गटाला रोज १० मिलिग्रॅम ओलान्झापिन दिलं, दुसऱ्याला पोकळ गोळी. पहिल्या चोवीस तासांत मळमळ अजिबात झाली नाही असे रुग्ण ओलान्झापिनच्या गटात ७४ टक्के होते, दुसऱ्या गटात ४५. मार्गदर्शक तत्त्वांत या गोळीनं जागा मिळवली.

मी ती लिहू लागले आणि एके दिवशी एक गृहस्थ तावातावानं आत आले. मेडिकलवाल्यानं सांगितलं होतं, 'ही वेडाची गोळी आहे.' ते म्हणाले, 'मॅडम, आमच्या आईला कॅन्सर आहे, तुम्ही तिला वेडी ठरवलंत!' चूक माझी होती. मी चिठ्ठी लिहिली होती, सांगितलं काहीच नव्हतं. त्या दिवसापासून ही गोळी लिहिताना दोन मिनिटं खर्च करते.

त्या गोळीची दुसरी अडचण झोपेची. १० मिलिग्रॅम घेतल्यावर आपल्याकडचे रुग्ण दिवसभर पेंगत. चाळीस-पंचेचाळीस किलोची बाई, तिला इतका मोठा डोस कशाला, असं आम्हाला वाटायचं. पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. आपण आपल्या मनानं डोस कमी केला आणि रुग्णाला उलट्या झाल्या तर? जपानमध्ये ५ मिलिग्रॅमवर चाचणी झाली. आणि मग आपल्या मुंबईत, टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये, २.५ आणि १० मिलिग्रॅम यांची समोरासमोर तुलना झाली. निष्कर्ष २०२४ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आले. मळमळ आणि उलट्या पूर्ण आटोक्यात राहिल्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखं निघालं, ४५ आणि ४४ टक्के. दिवसा झोप येण्याचं मात्र लहान डोसच्या गटात ६५ टक्के, मोठ्या डोसच्या गटात ९० टक्के. पहिल्या दिवशी अगदी गुंगून पडणारे एकीकडे ५ टक्के, दुसरीकडे ४०. आमच्या ओपीडीत ज्या शंकेवर आम्ही नुसते बोलत होतो, तिचं उत्तर परळला मिळालं, आपल्याच बायाबापड्यांच्या शरीरावरून. मार्गदर्शक तत्त्वं परदेशात बनतात, ती आपल्याला कशी लागू होणार, असं जे नेहमी विचारलं जातं, त्यावर मला हे उत्तर पुरेसं वाटतं: आपणही मोजावं.

पुरावा फक्त औषधं वाढवत नाही, काढूनही टाकतो. केमोथेरपीनं रक्त कमी झालं की ते वाढवायला एरिथ्रोपोएटिनची महागडी इंजेक्शनं सर्रास दिली जात. हिमोग्लोबिन वाढायचं, रुग्ण खूश, सगळे खूश. पुढे चाचण्यांत दिसलं की काही कॅन्सर रुग्णांत त्यानं रक्ताच्या गुठळ्या होतात, आजार बळावतो, आयुष्य घटतं. २००७ साली अमेरिकेत या औषधांवर ठळक चौकटीतला इशारा छापणं भाग पडलं, वापरावर मर्यादा आल्या. ज्यांनी ती इंजेक्शनं मनापासून दिली त्यांत मीही होते.

घराघरांतल्या पथ्यांचंही तेच. आंब्याच्या दिवसांत एक आजोबा केमोला यायचे. पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून घरच्यांनी सगळी फळं बंद केली होती, कुणा डॉक्टरच्याच सांगण्यावरून. वजन उतरत चाललेलं, जेवण जात नाही, आणि समोर पेटीत हापूस! २००८ साली अमेरिकेत ह्यूस्टनला ल्युकेमियाच्या दीडशेवर रुग्णांवर झालेली चाचणी प्रसिद्ध झाली होती. एका गटाला फक्त शिजवलेलं, दुसऱ्याला ताजी फळं-भाज्याही. मोठ्या जंतुसंसर्गाच्या प्रमाणात दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. नेहमीच्या केमोथेरपीसाठी असं कडक पथ्य आता मार्गदर्शक तत्त्वं सांगत नाहीत. हात धुणं, फळ स्वच्छ पाण्यानं धुऊन घरीच कापणं, उघड्यावरचं न खाणं, एवढं पुरे. (बोन मॅरो ट्रान्सप्लांटची गोष्ट वेगळी, तिथे हा वाद अजून मिटलेला नाही.) मी आजोबांना आंबा धुऊन खायला सांगितला. सूनबाई माझ्याकडे अशा पाहत होत्या, जणू मी डॉक्टरच नव्हे.

तोंड येण्याचं एक उदाहरण देते, कारण त्यात एक खोच आहे. फ्लुरोयुरॅसिल नावाचं औषध शिरेतून झटकन देतात, तेव्हा अर्धा तास तोंडात बर्फाचे खडे चघळले तर तोंड कमी येतं. थंडीनं तोंडातल्या रक्तवाहिन्या आखडतात, औषध तिथे कमी पोहोचतं. १९९१ सालीच चाचणीनं हे दाखवलं. खर्च शून्य. आपल्याकडे आजारी माणसाला बर्फ म्हटल्यावर घरचे दचकतात, ते समजावता येतं. पण हेच औषध पुष्कळदा ऑक्सालिप्लॅटिनच्या जोडीनं देतात, आणि ऑक्सालिप्लॅटिन घेतलेल्या माणसाला थंड मुळीच सोसत नाही. गार पाण्याच्या घोटानंही घसा आवळल्यासारखा होतो, जीव घाबरतो. म्हणजे शेजारच्या खुर्चीवरच्या रुग्णाला बर्फ दिला म्हणून याला द्यायचा नाही. तत्त्व पाठ असून भागत नाही, समोरचा केसपेपर वाचावा लागतो. डेक्सामेथासोनचंही तसंच आहे. मधुमेह असलेल्याची साखर त्यानं चढते. तिथे डोस, साखरेची तपासणी, सगळं बेतून करावं लागतं. पुराव्यावर आधारलेल्या वैद्यकाची मांडणी करणाऱ्यांपैकी एक, डेव्हिड सॅकेट, यांनी १९९६ सालीच हे स्पष्ट केलं होतं की बाहेरचा पुरावा, डॉक्टरचा अनुभव आणि रुग्णाची इच्छा ही तिन्ही एकत्र आली पाहिजेत. टीका करणारे मात्र अजून 'पाककृतीचं वैद्यक' म्हणून हिणवतात. मी म्हणते, पाककृती तरी आधी वाचा, मग मिठाचं बघू.

एक गोष्ट तेवढी बेतत बसायची नाही. ती म्हणजे ताप. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सगळ्यांत कमी असतात. या काळात १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर 'सकाळी बघू' म्हणायचं नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखान्याला फोन करायचा, निघायचं. मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रुग्ण पोहोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून गेला पाहिजे. आणि घरच्या घरी क्रोसिन देऊन ताप उतरवू नका. ताप उतरतो, जंतू तिथेच असतात. घरात थर्मामीटर ठेवा. अंगाला हात लावून कळतं, असं म्हणणाऱ्या आयांवर माझा विश्वास आहे, पण या बाबतीत नाही.

आपल्या देशात २०१२ साली नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झालं, देशभरची कॅन्सर रुग्णालयं त्यात जोडली गेली, आपल्याकडच्या परिस्थितीला धरून मार्गदर्शक तत्त्वं काढली जातात. एके काळी मला ग्रंथालय गाठावं लागलं होतं. आज तो मजकूर फोनवर येतो. तरीही मी जिल्ह्यात हिंडते तेव्हा 'उलटी झाल्यास एक गोळी' असं लिहिलेल्या चिठ्ठ्या दिसतात. अक्षर निराळं असतं, एवढंच.

म्हणून श्रोत्यांना एक विनंती. घरात कुणाला केमोथेरपी सुरू होणार असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, 'या औषधानं उलटी होण्याची शक्यता किती? दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवशी काय घ्यायचं? ते उलटी होण्याआधी घ्यायचं की नंतर?' विचारलं म्हणून डॉक्टर रागावत नाहीत. रागावले तरी विचारा. आणि उलट्या झाल्या तर लपवू नका. उलटीतून विष बाहेर पडत नाही. औषध तोवर रक्तात मिसळून आपलं काम करत असतं. बाहेर पडतं ते पाणी, मीठ आणि माणसाची उमेद.

आमच्याकडे आता एक साधी वही आहे. केमो घेऊन गेलेल्या प्रत्येकाला तिसऱ्या दिवशी आमच्या सिस्टर फोन करतात. 'बरं आहे का?' असं विचारायचं नाही, हा नियम मी घालून दिला आहे. त्याचं उत्तर काय येतं ते मला माहीत आहे. विचारायचं असं: 'काल किती वेळा उलटी झाली? आज सकाळपासून काय काय खाल्लं?' गेल्या आठवड्यात सिसप्लॅटिन घेऊन गेलेल्या एक मावशी होत्या, त्याच भागातल्या, आक्कांच्याच वयाच्या. सिस्टरनी वहीत त्यांच्या नावापुढे लिहिलंय: 'उलटी शून्य. मळमळ थोडी. अर्धी भाकरी, पिठलं. मिरची मागत होत्या, नको म्हटलं.'